विहीर, रान, निरोप, माती

किशोरच्या जीपचं लाईटचं बटण महिनाभरात तिसऱ्यांदा वितळलं, तेव्हा त्याने गाडी सरळ वाल्मीक मिस्तरीच्या शेडसमोर आणून उभी केली आणि खाली उतरायच्या आधीच तोंड सोडलं.

"मिस्तरी, ह्ये असलं बटन पुन्हा नका देऊ बरं का. बोट पोळलं माझं. पाहा ना!"

वाल्मीकने त्याचं बोट पाहिलं नाही. उजवा हात मांडीवर, त्यावर डावा हात, असा तो खुर्चीत बसला होता तसाच बसून राहिला आणि मिस्तरी लोकांना शोभेल अशा तिरसट आवाजात म्हणाला, "शंभर-शंभरचे दोन हॅलोजन लावले तू. तेवढा सगळा करंट त्या एवढ्याशा बटनातून ओढतो. वितळंल नाय तर काय गार पडंल? रिले टाकावा लागंल."

"टाका मग. पर लवकर. मनमाडचं भाडं हाय दुपारी."

"गाडी आत घे आन चहा पिऊन ये. काम करताना मला कोनी समोर लागत नाय, म्हाईत हाय ना तुला?"

किशोरला माहीत होतं. राहूडच्या घाटापासून चांदवडच्या चौफुलीपर्यंत सगळ्या ड्रायव्हरांना माहीत होतं, की वाल्मीक मिस्तरी मोठा लहरी माणूस. दोन वर्षांपूर्वी त्याला लकवा झाला, उजवी बाजू गेली. पाय सुधारला, हात काही सुधारला नाही. तरी गडी असा जिद्दीचा, की डाव्या हाताने काम करायला लागला, आणि आधीपेक्षा देखणं करायला लागला. फक्त कुणी बघितलेलं त्याला खपत नाही. गाडी आत घेतली की तो शेडच्या तोंडाला ताडपत्री सोडतो, आणि ड्रायव्हरने हायवे ओलांडून सुलाबाईच्या टपरीवर जाऊन बसायचं. लोक हे कौतुकाने एकमेकांना सांगायचे. विक्षिप्त माणसाचं काम चांगलंच असणार, असं आपल्याकडे उगाच मानतात.

ताडपत्री खाली आली, की मागच्या खोलीचं दार उघडायचं आणि वाल्मीकची बायको चंद्रभागा पदर खोचत आत यायची. दोन वर्षांत या शेडमधली एकही वायर वाल्मीकच्या हाताने जोडली गेलेली नव्हती. हे वाल्मीकला माहीत, चंद्रभागेला माहीत, दहावीत शिकणाऱ्या त्यांच्या मुलीला, संध्याला माहीत आणि सुलाबाईला माहीत. सुलाबाई शहाणी बाई. ड्रायव्हर लवकर उठायला लागला, की ती म्हणायची, "बस रे, आता टाकलंय नवं आधन." आणि तो बसायचा.

चंद्रभागेने जीपचं बॉनेट उघडलं. वाल्मीक आत येऊन जुन्या बॅटरीच्या खोक्यावर बसला. त्याला वाकता येत नव्हतं, त्यामुळे बॉनेटच्या आत काय चाललंय ते त्याला फक्त ऐकू यायचं. तो बोलत राहायचा.

"विहीर घेतली का?"

"घेतली. फ्यूज बॅटरीच्या शेजारीच टाकला."

"रान?"

"हूं."

ही त्यांची भाषा होती. चंद्रभागा चौथी शिकलेली. रिलेच्या डबीला चार पाय, त्यांवर इंग्रजी आकडे असतात, तेही बारीक, आणि जुन्या मालावरचे पुसलेले. लकव्यानंतरच्या पहिल्या महिन्यात वाल्मीक तोंड वाकडं करून करून तिला ते आकडे शिकवायचा आणि ती दर वेळी चुकायची. मग एक दिवस तो वैतागून म्हणाला, आकडे मरू दे, हे बघ. बॅटरीकडून जाड वायर येते ती विहीर. लाईटीकडे जाते ते रान. बटणाकडून बारीक वायर येते तो निरोप. गाडीच्या बॉडीला टेकते ती माती. निरोप आला आणि मातीला टेकला, की डबीच्या आत खट्ट होतं, दार उघडतं, आणि विहिरीचं पाणी रानात जातं. बटणाने फक्त निरोप द्यायचा, पाणी त्याच्या अंगावरून न्यायचं नाही, म्हणून ते वितळत नाही. काही डब्यांना मधोमध पाचवा पाय असतो. तो बांध. त्याचं सगळं उलटं. निरोप नसला की पाणी बांधावर जात राहतं आणि निरोप आला की बंद होतं. बांधाला कधी हात लावायचा नाही.

शेतकऱ्याच्या पोरीला हे एका दमात कळलं. त्यानंतर ती चुकली नाही.

"निरोप चावीवरून घे," वाल्मीक खोक्यावरून म्हणाला.

चंद्रभागेचा हात थांबला. "चावीवरून नको."

"का? चावीवरूनच घ्यायचा असतो."

"घाट उतरताना हे लोक चावी बंद करून, गाडी न्यूट्रल टाकून सोडतात. डिझेल वाचवायला. चावीवरून घेतला तर चावी फिरवली की लाईट गेली. भर वळनावर अंधार."

बाहेरून एक ट्रेलर गेला आणि पत्रा थरथरला.

"मंग डायरेक्ट बॅटरीवरून घे," वाल्मीक म्हणाला. त्याच्या मनातही तेच होतं अशा थाटात म्हणाला.

तिने डायरेक्ट घेतला. डबी पाय खाली करून बसवली, म्हणजे वरून पाणी पडलं तरी आत शिरू नये. वायरी काळ्या दोऱ्याने चार-चार बोटांवर बांधल्या. आणि शेवटी, डबीत शिरण्याआधी सगळ्या वायरींना तिने खाली एक झोळ दिला. माहेरच्या गोठ्यात विजेची वायर आत येताना तिच्या बापाने असाच झोळ ठेवला होता. वायरीवरून ओघळत येणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं, वर चढत नाही. हे तिला वाल्मीकने शिकवलं नव्हतं आणि तिनेही त्याला सांगितलं नव्हतं. सांगायला काही बंदी होती असं नाही. पण दिवसभर त्याच्या तोंडून ऐकून ऐकून काम करणाऱ्या बाईला एखादी गोष्ट आपली आपल्यापाशी ठेवावीशी वाटते.

तिने बटण दाबलं. डबीत खट्ट वाजलं, समोरच्या पत्र्यावर दोन पिवळे गोल उमटले. हा आवाज तिला फार आवडायचा. स्वयंपाक, धुणं, नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावणं, यातलं काहीच असं एका क्षणात 'झालं' म्हणून सांगत नाही.

हात पुसत ती मागच्या खोलीत गेली. वाल्मीकने डाव्या हाताला थोडं काळं वंगण लावलं आणि ताडपत्री वर केली.

त्याच शेडच्या पत्र्यावर पंधरा दिवसांपासून लाल रंगाची फुली होती. हायवे चौपदरी होणार होता. मोजणीवाले फीत लावून, फुल्या मारून, सुलाबाईचा फुकटचा चहा पिऊन निघून गेले होते. सुलाबाईच्या टपरीवरही फुली होती. ती म्हणाली होती, मी मागं सरकेन, चहा काय कुठंही उकळतो. पण वाल्मीककडे मागे सरकायला जागा नव्हती. मागे जी खोली होती तीसुद्धा फुलीच्या आत येत होती.

"गावातल्या घरी जाऊ," वाल्मीकने जाहीर करून टाकलं होतं.

"आन काम?"

"किती दिवस करायचं काम? भावाच्या खळ्यावर कांदा निवडायला बाया लागत्यात. तू जात जा. मी घर राखीन."

कांदा निवडायला चंद्रभागा भीत नव्हती, लहानपणापासून निवडलाच होता. तिला भीती होती ती हातांची. हे हात आता वायर सोलताना आतल्या तांब्याला ओरखडासुद्धा पडू देत नव्हते. ते पुन्हा नुसते कांदा निवडणारे हात होणार, आणि त्यांना काय येत होतं हे कुणाला कधी कळणारसुद्धा नाही.

*

आठवड्याने किशोरची जीप आली ती एका मारुती व्हॅनला मागे घेऊन. व्हॅनमधून पन्नाशीचा, अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला एक माणूस उतरला. नाशिकला अंबडला त्यांचं वर्कशॉप होतं, रायते नाव. शाळांच्या बस आणि अँब्युलन्स तयार करून द्यायचे. किशोर गाडीची सीट शिवायला तिकडे गेला होता, तेव्हा रायत्यांनी सहज बॉनेट उघडून पाहिलं होतं.

"वायरिंग कोणी केलं, म्हणून मागंच लागले ना साहेब," किशोर म्हणाला. कौतुक आपलंच झाल्यासारखा तो फुलला होता.

चंद्रभागा मागच्या खोलीत भाकरी थापत होती. दाराच्या फटीतून तिला रायत्यांची पाठ दिसत होती. तिने तवा उतरवून ठेवला.

"मिस्तरी, मी तीस वर्षं या धंद्यात आहे," रायते म्हणाले. "माझ्याकडे आयटीआयची पोरं आहेत, पण इतकं स्वच्छ काम मी हायवेवर पाहिलं नाही. एक विचारू? डबीच्या आधी वायरीला तो झोळ दिलाय. तो कशाला?"

खोलीत चंद्रभागेचे ओठ हलले.

बाहेर वाल्मीकने खुर्चीत अंग हलवलं. त्याने तो झोळ कधी पाहिलाच नव्हता. "त्ये... शोभेला," तो म्हणाला.

"शोभेला?"

"हां. वायर ताणलेली बरी दिसत नाय."

कपाळाला आठी घालून रायत्यांनी एकदा वाल्मीकच्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. नवऱ्याची लाज वाटावी की कीव करावी, हे चंद्रभागेला कळेना. दोन्ही एकदमच आलं.

"असं करू," रायते म्हणाले. "माझ्या व्हॅनला फॉग लॅम्प बसवायचेत. सामान आणलंय. माझ्यासमोर बसवून दाखवा. मनासारखं झालं तर सरळ वर्कशॉपला या. राहायला मागे खोली देतो. इथं नाहीतरी फुली पडलीय तुमच्यावर."

"मी कोनासमोर काम करीत नाय."

"ते ऐकलं किशोरकडून. पण वर्कशॉपमध्ये ताडपत्री नसते, मिस्तरी."

किशोर हसला. वाल्मीक हसला नाही. हायवेवरून गाड्या जात होत्या, फेब्रुवारीचं ऊन पत्र्यावर तापायला लागलं होतं, आणि वाल्मीक खुर्चीत असा बसला होता की त्याला उठताही येईना आणि बसूनही राहता येईना. चंद्रभागेने दाराला हात लावला. हा माणूस आता अपमान करून घेणार किंवा भांडण करणार, आणि दोन्हीतून काही हाती लागणार नाही, हे तिला दिसत होतं. ती बाहेर आली.

"साहेब, यांचा हात आज दुखतोय," ती पदर सावरत म्हणाली. "हे सांगतील, मी जोडीन. मला सवय हाय यांच्या हाताखाली."

वाल्मीकने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आधी सुटका होती. मग ती नजर हळूहळू कडक झाली.

"करू द्या की," रायते म्हणाले. "हात कुणाचे का असेनात."

मारुती व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे काम अडचणीतलं. चंद्रभागा पुढच्या जाळीजवळ उकिडवी बसली. किशोर आणि रायते डोक्यावर उभे. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती उजेडात, लोकांसमोर पकड हातात धरत होती. वायर सोलली, टोकाला पितळेची चिमुकली टोपी दाबून बसवली, ओढून पाहिली. मागे रायते पुटपुटले, "वा."

वाल्मीक खुर्ची ओढून जवळ येऊन बसला होता. "विहीर," तो म्हणाला.

तिने जाड वायर बसवली.

"ही कुठली भाषा?" रायत्यांनी विचारलं.

"आमची हाय," वाल्मीक म्हणाला. "माती."

तिने माती दिली.

"निरोप."

तिने निरोप दिला. आता एकच वायर राहिली, दिव्यांकडे जाणारी. रायत्यांनी आणलेली डबी नवीन होती, पाच पायांची. दोन पाय मोकळे होते. रान आणि मधोमध बांध.

"बांध," वाल्मीक म्हणाला.

चंद्रभागेने मान वर केली. क्षणभर तिला वाटलं, चुकून बोलला. लकव्यानंतर सुरुवातीला त्याचे शब्द इकडचे तिकडे व्हायचे. पण वाल्मीक सरळ तिच्या डोळ्यांत बघत होता. त्याचा आवाज शांत होता.

"बांधाला जोड म्हनलं. ऐकू येत नाय का?"

तिला कळलं. बांधाला जोडलं की बटण बंद असताना दिवे लागतील आणि बटण दाबलं की विझतील. साहेब हसेल, किशोर हसेल, बाईमाणसाची चूक झाली म्हणतील, आणि व्हॅन जशी आली तशी नाशिकला निघून जाईल. उद्या सकाळी वाल्मीक मिस्तरी पुन्हा खुर्चीत बसलेला असेल, पुन्हा लहरी, पुन्हा जिद्दीचा. त्याला तेवढंच हवं होतं. त्यासाठी त्याने तिलाच नापास करायचं ठरवलं होतं.

तिला राग आला, आणि रागाबरोबर असं काही आलं की डोळे भरले. तिने मान खाली घातली आणि वायर रानात बसवली.

साहेबाला त्यांची भाषा कळत नव्हती. किशोरलाही नाही. नवऱ्याने काय सांगितलं आणि बायकोने काय केलं, हे त्या भर दुपारी, चारजणांच्या घोळक्यात फक्त दोघांना कळलं. मग तिने वायरींना दोऱ्याने बांधलं आणि सवयीने खाली झोळ दिला.

"हाच!" रायते खाली वाकले. "हा कशाला, ताई?"

विचार करायला तिला वेळच मिळाला नाही. "पानी खाली गळून जातं," ती म्हणाली. "वायर सरळ असली तर पानी तिच्यावरून डबीत शिरतं. मग चार महिन्यांत गंजते."

रायते उभे राहिले. ते वाल्मीककडे बघून काही बोलले नाहीत, आणि त्यांनी तसं न बोलणं हे वाल्मीकला थोबाडीत मारण्यापेक्षा जास्त लागलं असणार. तिने बटण दाबलं. खट्ट झालं, दिवे लागले. पुन्हा दाबलं, विझले.

"बराबर," वाल्मीक खुर्चीतून म्हणाला. कोणी त्याला विचारलं नव्हतं.

रायत्यांनी हात जोडले. "मिस्तरी, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मला यांची गरज आहे. तुम्ही दोघंही या. तुमच्या नजरेखाली दोन पोरं शिकतील. पण काम यांचं. पगारपत्रकावर यांचं नाव लावू. काय म्हणता?"

काय म्हणता, हे त्यांनी वाल्मीकला विचारलं. चंद्रभागा हातात पकड घेऊन तिथंच उभी होती, दोन हातांच्या अंतरावर. मी येते, एवढे दोन शब्द तिच्या जिभेवर आले होते. पण तिच्याकडे कोणी वळलंच नाही, आणि न विचारता बोलायची सवय तिला कधी लागलीच नव्हती.

"विचारून सांगतो," वाल्मीक म्हणाला.

"रविवारपर्यंत कळवा. किशोरजवळ निरोप दिलात तरी चालेल."

*

विचारून सांगतो, म्हणजे कुणाला विचारून? घरात तिसरं माणूस संध्या, ती परीक्षेच्या अभ्यासात बुडालेली. तेव्हा विचारायचं ते आपल्यालाच, असं चंद्रभागेने धरलं आणि ती वाट बघत बसली. वाट बघता बघता तिने सगळं ठरवूनही टाकलं. संध्याची परीक्षा मार्चमध्ये संपेल. मग खोलीवर जायचं. सकाळी त्याला आंघोळ घालून, शर्ट चढवून, दोघं बरोबरच कामावर. त्याला खुर्ची लागेल, ती देतीलच.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या पाठीवर पाणी ओतत होती, तेव्हा तो तोंड फिरवूनच म्हणाला, "मी बांध म्हनलो होतो."

"ऐकलं मी."

"मग?"

"मग काय? तुमीच शिकवलं, बांधाला हात लावायचा नाय."

तिने त्याच्या मेलेल्या हाताला साबण लावला. हा हात ती रोज धुवायची, एकेक बोट वेगळं करून, कारण मूठ मिटून मिटून आत वास यायचा. एके काळी याच हाताने अंधारात, नुसत्या स्पर्शावर तुटलेली वायर शोधून काढली होती. तिने पाहिलं होतं ते.

"चंद्रे," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "तिथं तू मिस्तरी होशील. मग मी कोन?"

तिने तांब्या भरला आणि हळूच त्याच्या डोक्यावर ओतला, म्हणजे तो रडत असेल तर दिसू नये. पण मनात तिच्या एक प्रश्न उभा राहिला आणि तो काही केल्या जाईना. दोन वर्षं मी ताडपत्रीच्या आत होते, तेव्हा मी कोण होते, हे यांनी एकदा तरी विचारलं का?

तिसऱ्या दिवशी तो काठी घेऊन एकटाच रस्त्यापलीकडे गेला, बऱ्याच वेळाने परत आला. येताना त्याच्याजवळ बाजारातून आणवलेली जिलबी होती. संध्याला दिली, चंद्रभागेला स्वतःच्या डाव्या हाताने कागदातून काढून दिली. इतका गोड तो लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर कधी वागला नव्हता. तिला वाटलं, आता विचारील. जिलबी खाऊन झाली, कागद चुलीत गेला. त्याने विचारलं नाही.

रविवार आला आणि गेला. मग तिनेही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळेपर्यंत निदान काहीतरी शिल्लक होतं. रायत्यांना दुसरं कोणी मिळालं असेल, मोठ्या लोकांचं काय, असंही ती स्वतःला सांगून पाहायची.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बुलडोझर आला. पत्रे आधीच काढून ठेवले होते. पकडी, कटर, टेस्टर आणि उरलेल्या डब्या वाल्मीकने एका खोक्यात भरायला लावल्या आणि ते खोकं गावात एका गॅरेजवाल्याला देऊन टाकलं. "घरात कशाला अडगळ," तो म्हणाला. सुलाबाई मागे सरकली होती, तिथून तिने हात केला.

*

खळ्यावर उन्हाळ कांद्याचे ढीग पडले होते. वीस-बावीस बाया. पत्र्याची सावली सकाळी दहापर्यंत टिकायची, मग ऊन पायांवरून वर सरकत मांडीवर यायचं. डावीकडे मोठा, उजवीकडे बारीक गोलटी, मागे सडका. चंद्रभागेचे हात भराभर चालायचे. आठ दिवसांत नखांत काळं बसलं, बोटांची सालं निघाली, आणि वास कितीही घासला तरी जाईना.

बाया आणायला-सोडायला किशोरची जीप होती. एका सकाळी बाया उतरून ढिगांकडे गेल्या, चंद्रभागा शेवटी उतरली, तेव्हा किशोर स्टिअरिंगवर हात ठेवून तिच्याकडे बघत होता.

"काकू, आता कसं वाटतंय?"

"कशाचं?"

"न्हाय, तब्येतीचं." तो जरा अवघडला. "मिस्तरींनी सांगितलं होतं मला त्या वक्ताला, सुलाबाईच्या टपरीवर. साहेबांना सांग म्हने, आमचं येनं जमायचं नाय, बायको आजारी असती. तिला झेपायचं नाय. साहेबांना लय वाईट वाटलं बरं का. दोनदा विचारलं त्यांनी, काय झालंय म्हनून. मला काय म्हाईत? मी म्हनलं, हाय कायतरी बाईमानसाचं."

चंद्रभागा जीपच्या दांडीला धरून उभी राहिली. ऊन अजून कोवळं होतं. खळ्यावरून बायांच्या बोलण्याचा आवाज येत होता, कोणीतरी तिलाच हाक मारत होतं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी धडधाकट आहे, आजारी तो आहे. पण ते वाक्य तोंडातून निघालं की त्याच्यामागून सगळंच बाहेर आलं असतं. मग घाटापासून चौफुलीपर्यंत प्रत्येक टपरीवर वाल्मीक मिस्तरीचं हसू झालं असतं. तो घरी बसला होता, खाटेवर, शर्टाची बटणं तिने लावून दिलेली. आज येताना त्याने विचारलं होतं, लवकर येशील ना?

"साहेब अजून मानूस शोधून राहिलेत," किशोर म्हणाला. "तुमाला बरं वाटत असंल तर सांगा. मी उद्या चाललोय नाशकाला. खरं काय होतंय तुमाला?"

तिने जिभेने ओठ ओले केले.

"कंबर," ती म्हणाली. "फार वेळ बसवत नाय रे."

"मग दाखवा की डाक्टरला. असं अंगावर नका काढू."

"दाखवते."

किशोरने हळहळ करत मान हलवली, जीप वळवली आणि धूळ उडवत निघून गेला. चंद्रभागा तोंडाला पदर धरून धूळ बसेपर्यंत थांबली. मग ती खळ्यावर गेली, आपल्या ढिगासमोर मांडी घालून बसली, आणि दिवस मावळेपर्यंत एकदाही उठली नाही.